पंचण्णांची लाल नऊवारी

पंचण्णा कुणाच्याही घरी गेले की जिवंत माणसांची चौकशी सगळ्यात शेवटी करतात. चपला काढून ते थेट भिंतीकडे जातात. तिथे त्या घरातली गेलेली मंडळी ओळीने लटकलेली असतात. पंचण्णा चष्मा कपाळावर चढवतात, काचेला नाक लागेल इतके जवळ जातात, एकेकाला नीट न्याहाळतात, वाकडी झालेली फ्रेम सरळ करतात आणि मग वळून म्हणतात, "तुझे आजे बरे आहेत. आजी पिवळी पडत्ये. ऊन लागतं तिला, त्या भिंतीवर ने." एवढं झाल्यावर त्यांचं लक्ष आपल्याकडे जातं. कॉफी घेणार का, हे आपण विचारायच्या आत ते "साखर थोडी" असं सांगून खुर्चीत बसलेले असतात.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांतून जी मराठी घरं उरली आहेत, त्यांतल्या बहुतेक भिंतींवरची माणसं पंचण्णांच्या हातची. त्यांचा एका खोलीचा फोटो स्टुडिओ आहे. पाटी तमिळमध्ये, कारण देवनागरी वाचणारे आमच्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पंचण्णा स्वतः मराठी बोलतात, तमिळ लिहितात आणि कॉम्प्युटर अडला की इंग्रजीत रागावतात. वय सत्तर. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणतात, "राहिलं," आणि पुढच्या विषयाकडे वळतात.

मी पुण्यात सव्वीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्त होऊन इथे परत आलो. त्यामुळे गल्लीत माझ्याबद्दल दोन गैरसमज पसरले. एक, मला शुद्ध मराठी येतं. दोन, मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं. पहिल्या गैरसमजाचा मला काहीच त्रास झाला नाही, उलट जरा मिरवून घेतलं. दुसऱ्याने मात्र मला पंचण्णांच्या तावडीत नेऊन दिलं. महिन्यातून चारदा तरी हाक यायची, "माधवा, इकडे ये, डा! हें यंत्र मला ओळखत नाहीं म्हणतं!" ‘डा’ हा तमिळ ‘रे’, आणि यंत्र ओळखत नाही म्हणजे पासवर्ड चुकलेला असायचा.

जिवंत माणसांचे फोटो काढायला पंचण्णांना आवडत नाही. "हलतात," हे त्यांचं एकच कारण. त्यांचा खरा धंदा गेलेल्या माणसांचा. रेशनकार्डावरचा, लग्नाच्या ग्रुपमधला, कुठल्या तरी ओळखपत्रावरचा धुरकट चेहरा घ्यायचा, स्वच्छ करायचा, मोठा करायचा, अंगावर चांगले कपडे चढवायचे आणि दहाव्याच्या आत फ्रेम करून द्यायचा. पण आधार घ्यायला एक बरा फोटो तर हवा, म्हणून जिवंतांनी वेळेवर एक काढून ठेवावा असा त्यांचा आग्रह असतो. हा आग्रह ते रस्त्यात करतात. "माधवा, आत्तां तुझं मुख चांगलं आहे. एक काढून ठेवूं. पुढें पोरांना त्रास नको." माणसं त्यांना लांबून पाहून रस्ता ओलांडतात.

आमच्या शेजारच्या शामराव मास्तरांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा पंचण्णा आदल्या दिवशी इस्पितळात कॅमेरा घेऊन हजर झाले. मास्तरांच्या मुलीने त्यांना हाताला धरून लिफ्टपर्यंत पोचवलं. त्या दिवशी तिने काढलेले शब्द मी इथे लिहीत नाही. मास्तर खडखडीत बरे झाले, आणि महिन्याभराने इस्त्रीचा शर्ट घालून, कुणाला न सांगता स्वतःच स्टुडिओत गेले. "उगीच नको रे राहायला," म्हणाले. तो फोटो पंचण्णांच्या कपाटात अजून वाट बघत आहे. मास्तर रोज सकाळी फिरायला जातात.

कपड्यांबाबत पंचण्णा उदार आहेत. जन्मभर बनियनवर वावरलेल्या माणसाला ते जरीकाठी अंगवस्त्र सहज देतात. चेहऱ्याबाबत मात्र अत्यंत कडक. पापनाशमहून एकदा तीन भाऊ आले. वडील फोटोत फार रागीट दिसतात, जरा हसरे करा म्हणाले. पंचण्णांनी विचारलं, "खरं सांगा. हसत असत काय?" तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "मग आयुष्यभर हसले नाहींत त्यांना आतां मी हसवूं? उद्यां वर भेटले कीं मलाच विचारतील." वडील रागीटच घरी गेले.

पुरुषांसाठी त्यांच्याकडे कोट, शर्ट, अंगवस्त्रं अशी बरीच तयार चित्रं आहेत. चित्र उघडायचं, त्यावर चेहरा बसवायचा, काम झालं. बायकांचा प्रश्न अवघड होता. बाजारातल्या सीडींमध्ये नुसत्या सहावारी साड्या, आणि आमच्या सवाष्णपणी गेलेल्या बायका भिंतीवर लाल रेशमी नऊवारीतच हव्यात, असा इथला रिवाज. पंचण्णांकडे अशी एकच नऊवारी होती. फाइलचं नाव ‘सिल्क रेड नाइन’. लाल रेशीम, हिरवा काठ, मांडीवर एकावर एक ठेवलेले हात, हातात हिरव्या बांगड्या. गेली वीसेक वर्षं गल्लीत जी बाई नवऱ्याआधी गेली, ती या एकाच लुगड्यात भिंतीवर चढली. कमळी, चंद्रा, तुंगा, कुणीही असो, खांदे तेच, हात तेच.

आणि गालही तेच म्हणायची पाळी आली होती. कारण पंचण्णांच्या हातच्या सगळ्या आज्या थोड्या गुबगुबीत दिसायच्या. माझी अम्मा शेवटची दोन वर्षं नुसती काडी झाली होती. वडिलांच्या आधी वर्षभर गेली. पंचण्णांनी तिचा फोटो करून दिला तो असा, की जणू ती रोज दोन पुरणपोळ्या खात होती. मी भांडलो. "पंचण्णा, ही माझी अम्मा नाही. चेहरा एवढा मोठा का केलात?"

"थोडं मोठं ठेवावं लागतं," ते म्हणाले.

"का?"

"लागतं."

शेवटी मी फोटो तसाच घरी आणला.

आता त्यांच्या डाव्या हाताबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्या हातानेच घडवलं. पूर्वी इथे दिवसातून दहा वेळा करंट जायचा. केलेलं काम डोळ्यांदेखत नाहीसं व्हायचं. तेव्हापासून पंचण्णांच्या डाव्या हाताला सवय लागली, की दर मिनिट-दोन मिनिटांनी सेव्हची दोन बटणं दाबायची. ते बोलत असोत, कॉफी पीत असोत, हात आपलं काम करतो. चांगलीच सवय. पण पंचण्णांचा दुसरा एक नेम होता, तो या सवयीच्या अगदी उलटा. गेलेल्या माणसाचं नाव ते फाइलला आधी देत नसत. "मुख नीट येईपर्यंत नांव घालूं नये. मुख नाहीं, नुसतं नांव, तें बरं नाहीं." त्यामुळे ते मूळ ‘सिल्क रेड नाइन’ उघडूनच त्यावर काम करायचे, आणि चेहरा मनासारखा बसला, नमस्कार केला, की मग त्या बाईच्या नावाने वेगळी फाइल ठेवायचे. मधेच सेव्ह दाबलं गेलं तर मूळ चित्राचा सत्यानाश. म्हणून लाल नऊवारी उघडली की पंचण्णा डावा हात मांडीखाली दाबून बसत. वीस वर्षं असे बसले. कुणी आलं तरी हात काढत नसत. नवख्या गिऱ्हाइकांना वाटायचं, म्हाताऱ्याला अर्धांगाचा झटका येऊन गेला असावा.

मागच्या मार्गशीर्षात सकाळी अकराच्या सुमाराला ते धापा टाकत आमच्या दारात आले. भिंतीकडे गेले नाहीत. तेव्हाच मला कळलं, काहीतरी भयंकर झालं आहे.

"माधवा, हात बाहेर आला, डा!"

"कुठला हात?"

"डावा! करंट गेलं, यूपीएस ओरडलं, आणि हात आपसुक बाहेर आला आणि दाबला! मी दाबलों नाहीं, तो दाबला! मग यूपीएसही गेलं. अस्कं गेलं, माधवा. अस्कं." अस्कं म्हणजे सगळं. इतक्या वेळा तो शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

आम्ही स्टुडिओत गेलो. करंट आला होता. ‘सिल्क रेड नाइन’ उघडली, तर आत तिरुवैयारूच्या कमळाबाई बसलेल्या. दोन दिवसांपूर्वी गेलेल्या. छापायला पाठवायचं म्हणून पंचण्णांनी चेहरा आणि लुगडं आधीच एकजीव करून टाकलं होतं, आणि त्याच क्षणी हाताने घात केला. यंत्र बंद पडलं नसतं तर एक पाऊल मागे जाऊन सगळं परत आणता आलं असतं. आता तेही राहिलं नव्हतं.

मी पुण्याच्या रुबाबात खुर्ची ओढली. तात्पुरत्या फाइली जिथे साठतात ते फोल्डर उघडलं. रिकामं. फाइलची मागची आवृत्ती राखून ठेवायची सोय असते, ती बघितली. यंत्र हळू चालतं म्हणून कुणा मेकॅनिकने ती कधीच बंद करून टाकली होती. मग पुसलेल्या फाइली शोधणारा एक प्रोग्राम आणून चालवला. त्याने तासाभराने चारेकशे चित्रं ओकली. एक मिशी. एका हाराचा अर्धा भाग. कुणाचा तरी कान, एकटाच. पंचण्णा प्रत्येक तुकडा ओळखत होते. "हा रंगा रावाचा कान. हा गोपण्णाचा चष्मा." शेवटी एक चित्र आलं, त्यात वर बोटभर लाल रंगाची पट्टी होती आणि खाली सगळं करडं. पंचण्णांनी त्या पट्टीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"सीडीवर कुठे ठेवली नव्हती का?" मी विचारलं.

ठेवली होती. कॅमेऱ्यातून उतरवली तेव्हाच एक सीडी केली होती. ती गच्चीत आहे म्हणाले. गच्चीत म्हणजे कपाटात असेल असं मला वाटलं. वर गेलो तर वाळवणाच्या जागेवर एका सुतळीला सात-आठ सीड्या टांगलेल्या, वाऱ्यावर फिरताहेत. वडामाला, म्हणजे तांदळाच्या सांडग्यांना, कावळे येऊ नयेत म्हणून. त्यांतल्या एकीवर पंचण्णांच्या अक्षरात ‘रेड नाइन’ लिहिलेलं अजून पुसट दिसत होतं. वरचा चकचकीत थर उन्हाने पापुद्र्यांसारखा निघाला होता.

"कुणी टांगली ही?"

"सक्कूअक्का टांगली."

सक्कूअक्का म्हणजे पंचण्णांची थोरली बहीण. सहा वर्षांपूर्वी गेली. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली, तेव्हा पंचण्णा नऊ वर्षांचे होते. लगेच दोन वर्षांत आई गेली आणि या मुलीने भावाला वाढवलं. मला ती आठवते ती फिकट सुती साडीत, स्टुडिओच्या मागच्या दारात भाजी निवडत बसलेली. कुणाच्या वाटेत यायचं नाही अशा बेताने बसायची.

पंचण्णांचा चेहरा इतका उतरला होता, की मी त्यांना हसवायचं ठरवलं. म्हटलं, "अहो, एका लुगड्यासाठी एवढं काय? राजीला नेसवतो लाल नऊवारी. उद्या सकाळी फोटो काढा. कावळ्यांना लागणार नाही अशा जागी ठेवू." राजी म्हणजे माझी बायको.

पंचण्णा माझ्यावर ओरडलेच. "वेडा काय तूं? जिवंत बाईला बसवतोस? मेलेल्या बायकांची मुखं तिच्या अंगावर ठेवूं? तोंडाला येईल तें बोलूं नको!"

"मग मागे तुम्ही कुणाला बसवलं होतंत?"

सुतळीवरची ती सीडी त्यांनी सोडवली आणि उपरण्याला पुसत पायरीवर बसले. मग म्हणाले, "लुगडं न्हवे, माधवा. अक्का आहे ती."

डिजिटल कॅमेरा नवा घेतला, तेव्हा नऊवारीचं चित्र हवं म्हणून पंचण्णा गल्लीतल्या दहा घरी जाऊन आले होते. कुणी तयार होईना. होणार कशी? तेव्हा अक्का म्हणाली, "मी बसतें. मला आतां काय व्हायचं राहिलं आहे?" तिने आईच्या पेटीतलं लाल लुगडं काढलं, बांगड्या भरल्या, दार लावून घेतलं. पंचण्णा म्हणाले, गळ्याखालचंच घेतों, मुख लागत नाहीं. त्यावर ती आत गेली आणि थोड्या वेळाने बाहेर आली ती कपाळाला कुंकू लावून आणि केसांत मल्लिगैची फुलं माळून. पंचण्णा बघतच राहिले. अक्का म्हणाली, "मुख येणारच नाहीं न्हवे? मग लावलें तर कोणाला काय?"

"मी मुख घेतलों," पंचण्णा म्हणाले. "तिला कळलं. ओरडली नाहीं. म्हणाली, मी आहें तोंवर कोणाला दाखवूं नको. एकच ठेव. सीडी होती, ती अक्काच टांगली; मी एकच ठेवलों. ती गेली, मग दाखवूं तर कोणाला? रोज उघडतों, बघतों, आणि कामाला लागतों. तिचं मुख मी कधीं कापलों नाहीं, माधवा. कापायला हात येत नाहीं. दुसरीचं मुख वरून ठेवतों. अक्काचं मुख रुंद, म्हणून वरचं थोडं मोठं ठेवावं लागतं."

एका क्षणात गल्लीतल्या सगळ्या गुबगुबीत आज्यांचा उलगडा झाला. आणि लगेच आठवली ती माझी अम्मा. भिंतीवर सवाष्ण म्हणून बसलेली माझी अम्मा एका विधवेच्या अंगावर बसली होती. मी पुण्यात या विषयांवर चार लोकांत मोठ्या आवाजात बोललेला माणूस. पण पहिला विचार आला तो असा: अम्माला कळलं असतं तर? लिहायला लाज वाटते, पण आला.

अम्मा वाईट नव्हती. पण नवरात्रात आमच्याकडे पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्यांचा कोलू मांडला, की ती सगळ्या गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावायची आणि सक्कूअक्काला बोलावायची नाही. सुंडलाची, म्हणजे प्रसादाच्या उसळीची, पुडी तेवढी बाजूला काढायची आणि माझ्या हाती पाठवायची. मी धावत जाऊन ती मागच्या दारात द्यायचो. अक्का माझ्या डोक्यावरून हात फिरवायची आणि विचारायची, "यंदा किती पायऱ्या, रे? नवी बाहुली कोणती?" मी उभ्या उभ्या सगळा कोलू तिला तोंडी सांगायचो. आपण तिला काय सांगतो आहोत, हे तेव्हा माझ्या लक्षातही यायचं नाही.

मी जेवायला म्हणून घरी आलो. पान वाढलेलं होतं आणि समोर भिंतीवर अम्मा. रोजचीच, पण आज मला तिचा चेहरा बघवेना. मी हातांकडे बघत होतो. मांडीवर एकावर एक ठेवलेले ते हात. याच हातांनी पुडी घेतली होती. भात कालवता कालवता मी राजीला सगळं सांगितलं. ती माझं ऐकता ऐकता फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आपल्या अम्मांच्या खालीही त्या आहेत?"

"होत्या. पण पंचण्णा छापायच्या आधी सगळं एकजीव करतात. खाली काही उरत नाही."

हे बोलताना माझा घास हातातच राहिला. कारण अम्माच्या फोटोचं तसं झालं नव्हतं. चेन्नईच्या धाकट्या भावाला फार मोठा प्रिंट हवा होता. तिकडच्या छापखान्याने सांगितलं, एकजीव न केलेली, सगळे थर मोकळे असलेली फाइल आणा. पंचण्णांनी खूप आढेवेढे घेतले होते. "तसं देत नाहीं मी," म्हणाले होते. मी हट्टाने पेनड्राइव्हवर घेतली होती. ते का देत नव्हते, ते आता कळलं.

"मग बसलात काय? शोधा," राजी म्हणाली.

पेनड्राइव्ह मोजपट्टी, जुन्या किल्ल्या आणि सुईदोऱ्याच्या डब्याबरोबर ड्रॉवरमध्ये सापडला. जेवण तसंच टाकून मी स्टुडिओत गेलो. पंचण्णा कमळाबाईंसमोर बसले होते. मी पेनड्राइव्ह लावला आणि फाइल उघडली. पडद्यावर माझी अम्मा आली, गुबगुबीत.

ज्यांनी हे सॉफ्टवेअर बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्यात चित्राचे थर एकावर एक असतात, आणि प्रत्येक थरासमोर एक बारीक डोळा काढलेला असतो. डोळा मिटला की तो थर दिसेनासा होतो आणि खालचा दिसतो. अम्माच्या चेहऱ्याच्या थरासमोर तसा डोळा होता. थर मोकळे होते. पंचण्णांच्याही ते लक्षात आलं.

"दाबा," मी म्हटलं.

"तूं दाब. तुझी अम्मा आहे."

मी दाबलं. अम्मा गेली, आणि तिच्या जागी सक्कूअक्का आली.

मी तिला अशी कधीच बघितली नव्हती. केसांत मल्लिगैचा गजरा, नाकात खडा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. चेहरा रुंद, भरलेला, आणि हसू आवरून धरलेलं. कुणी दार वाजवेल म्हणून थोडी घाबरलेली, आणि त्याच वेळी अगदी खूश. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण त्या लाल लुगड्यात ती एकोणिसाची वाटत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

पंचण्णा रडले नाहीत. चष्मा कपाळावर चढवून पडद्याजवळ गेले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "उजवीकडून उजेड थोडा कमी पडला. तेव्हां मला कळत नव्हतं." मग खुर्चीत बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले. "तूं सेव्ह कर, माधवा. मला यांचा भरंवसा नाहीं." मी अक्काची वेगळी फाइल केली. तीन ठिकाणी ठेवली. त्या दिवशी कमळाबाईंचं काम उरकेपर्यंत तो माणूस एका बटणाला शिवला नाही. कुठे काय दाबायचं ते तोंडाने सांगत होता आणि मी दाबत होतो. कमळाबाईंचे गाल थोडे जास्तच आले.

निघताना त्यांनी मला हाक मारली. "माधवा, राग धरूं नको. तुझ्या अम्माचं मी दुसरं करून देतों. दुसरं लुगडं कोठूनतरी आणतों. हें काढून टाक."

"नको," मी म्हटलं. "अम्मा आहे तशी राहू दे. मला अक्काचा एक प्रिंट द्या. त्याच मापाचा."

"कोठें लावशील?"

"अम्माच्या शेजारी."

"लोकं विचारतील, डा."

"विचारू देत. सांगेन."

पंचण्णांनी प्रिंट स्वतः फ्रेम केला आणि स्वतः मात्र आणून दिला नाही. कुणाच्या तरी हाती पाठवला. मी खिळा ठोकला. पहिल्या शुक्रवारी राजीने स्नान करून भिंतीवरचे फोटो पुसले. अम्माच्या काचेला गंध लावलं, कुंकू लावलं. मग करंडा हातात घेऊन ती अक्कासमोर उभी राहिली. मी तिकडे बघत नाही असं दाखवून पेपर वाचत होतो. तिने मला काही विचारलं नाही. अम्माला लावलं तसंच गंध, तसंच कुंकू तिने अक्काच्या काचेला लावलं. ज्या घरात तिला हळदीकुंकवाचं बोलावणं कधी आलं नाही, त्या घरात.

तेवढ्यात दारात चपला काढल्याचा आवाज आला. पंचण्णा आत आले आणि नेहमीसारखे भिंतीकडे गेले. अम्माला न्याहाळलं. मग अक्कासमोर थांबले. चष्मा कपाळावर चढवला नाही, जवळही गेले नाहीत. दोन हात लांबच उभे राहिले. राजी करंडा घेऊन बाजूला सरकली, तिला वाटलं आपलं काही चुकलं.

"राजी," पंचण्णा म्हणाले, "थोडं मोठं लाव, पोरी. तिला मोठंच आवडलं असतं."

राजीने करंड्यात पुन्हा बोट बुडवलं.